शेवटी टाकायचा माणूस

“ती? ती कुणी नाही. स्केलसाठी टाकलीय.”

अनुजाच्या तोंडून हे इतकं सहज निघालं की तिचं तिलाही आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत ती चित्रकला शिकवते आणि रोज हेच तर सांगत असते. आधी आकाश, मग पाणी, मग झाडं, आणि सगळं नीट वाळलं की शेवटी माणूस टाकायचा. ब्रशचे दोन फटकारे, वर डोक्याचा एक ठिपका, बस्स. नाक-डोळे काढत बसायचं नाही. माणूस कशाला, तर झाड केवढं, तळं केवढं हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. पोरंही सरावलीत, मॅडम, आदमी कहाँ डालूँ म्हणत कागद पुढे करतात आणि ती पेन्सिलीच्या टोकानं जागा दाखवते. तेव्हा भिलाईच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, तिच्या निसर्गचित्रांच्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनात, मंडळाचे अध्यक्ष दौलतराव एका चित्रासमोर थबकले आणि म्हणाले, तळ्याकाठची ही म्हातारी फार उदास आहे हो, हिच्यामुळे सबंध पाणी उदास झालंय, कोण आहे ही बिचारी. आणि अनुजानं मास्तरणीचं ठरलेलं उत्तर देऊन टाकलं. मागे कुणीतरी खोकलं. तिनं वळून पाहिलं तर तिची आई, सिंधुताई, समोशाची कागदी प्लेट हातात धरून उभी होती, आणि आईला खेटून शेजारच्या रमाकाकू. चित्रातली म्हातारी म्हणजे आई होती. हे आईला माहीत होतं, रमाकाकूंना माहीत होतं, बोरसीतल्या त्यांच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण आठवडाभर आईनंच ते घरोघरी सांगितलं होतं.

रमाकाकूंचं तोंड उघडलं. अवं पण हे तं, एवढं त्या म्हणाल्याही, आणि आईनं कोपरानं त्यांना हळूच ढोसलं. मग आई हसली. “दुरून साऱ्याच बाया सारख्या दिसतेत,” ती म्हणाली, आणि प्लेटमधला समोसा तिनं उगाच या कडेचा त्या कडेला सरकवला. दौलतराव सज्जन माणूस, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कुणालाही अहो-जाहो करणारे. त्यांनी आईकडे वळून अदबीनं विचारलं, की आपण कुठून आलात. इथंच बोरसीले रायतो, आई म्हणाली. त्यापुढे एक वाक्य येणार हे अनुजाला दिसत होतं, मी हिची आई, आणि ते वाक्य आईनं गिळलं. मध्ये एक मोकळी जागा पडली. त्या जागेत कुणीही, अगदी रस्त्यावरच्या माणसानंही, सगळं सावरून घेतलं असतं. अनुजानं पदर खांद्यावर ओढला आणि दौलतरावांना म्हणाली, या ना सर, पुढचं कालव्याचं आहे.

परतताना ऑटोत तिघी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. सुपेल्याच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंबाकोंबी झाली होती, वेल्डिंगच्या दुकानातून ठिणग्या उडत होत्या, आणि रमाकाकू समोर बघत गप्प होत्या. एरवी त्या वाटेतल्या प्रत्येक साडीच्या दुकानावर बोलतात. आई मात्र बोलत होती. समोसे गरम होते, पंखे उगाच चालू ठेवले होते, दौलतराव किती साधे, एवढा मोठा साहेब पण मले आपण म्हणला. अनुजाला वाटत होतं, आईनं एकदा तरी तिच्याकडे बघून तोंड फिरवावं, म्हणजे आपल्याला राग येईल, आणि राग आला की ही लाज जरा मागे सरेल. आई तसं काही करीना. लाज अनुजाच्या कानशिलांवर बसून राहिली. तिला लहानपणी ताप येई तेव्हा कानाच्या पाळ्या आधी तापत, आणि आई पाळीला बोट लावून ताप ओळखायची. आता आईनं बोट लावलं तर, असं तिच्या मनात आलं आणि ती ऑटोच्या दांड्याकडे सरकली. वेळ मारून नेली, बरं झालं, असं मनाचा एक कोपरा म्हणत होता, आणि त्या कोपऱ्याची तिला सगळ्यांत जास्त किळस आली.

सवयीनं बोलून गेले, हे तिनं स्वतःला सांगून पाहिलं. शिकवण्याची सवय. पण ते टिकेना. सवयच असती तर त्या मोकळ्या जागेत तिनं काय केलं होतं? पदर ओढला होता. तो पदर ती लहानपणापासून ओढत आली होती. वडील, देवाजी, पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, कामाला होते, लाखांदूरकडची शेती भावांवर टाकून भिलाईला आलेले. मंडळाच्या गणपतीत पुढच्या खुर्च्यांवर नागपूर-अमरावतीची ऑफिसर मंडळी बसायची आणि मागे सतरंजीवर हे कामगार लोक. कुणी बसवलं नव्हतं, आपोआप बसायचे. अनुजा चित्रं बरी काढायची म्हणून तिला पुढे बोलावत, आणि हॉलच्या पायऱ्या चढताना ती मले-तुलेचं मला-तुला करायची, घरची चप्पल काढून शाळेची घालावी तशी. ते तिला इतकं जमलं की पुढे खैरागडला चित्रकला शिकायला गेली तेव्हा लोक तिला पुण्याकडची समजत, आणि तिनं कधी ती समजूत मोडली नाही. मागे सतरंजीवरून आई बघत असायची आणि खूष व्हायची. पोरगी कशी साहेबासारखी बोलते, असं शेजारणीला सांगायची. आईला यात कधीच काही टोचलं नाही, आणि आपण आजवर याच आधारावर निभावून नेलं, हे अनुजाला ऑटोत बसल्या-बसल्या कळलं.

आणि बिचारी हा शब्द. तो शब्द दौलतरावांचा असला तरी चित्रात तो तिनंच भरला होता. आई मुळात चित्रात आली कशी? खरं तर ती पहिल्यापासून प्रत्येक चित्राच्या जागी होती. अनुजा तरुणपणी एकटी कालव्यावर कागद-रंग घेऊन बसली असताना मोटारसायकलवरची दोन टोळभैरव पोरं तिच्याभोवती घिरट्या घालत राहिली होती. रडत घरी आल्यावर देवाजींनी चित्र बंद म्हणून सांगितलं, आणि आई म्हणाली, बंद कावून, मी येत जाईन संगं. तेव्हापासून रविवारी दोघी निघतात. अनुजाच्या लग्नाचं जमलं नाही, नंतर कुणी जमवलंही नाही, देवाजी गेले, कंपनीचा क्वार्टर सुटला, बोरसीत घर झालं, तरी रविवार चुकला नाही. आई प्लास्टिकच्या पिशवीत चहाचा थर्मास, मुरमुरे आणि छत्री घेते. अनुजा जागा धरते आणि आई जरा अंतरावर बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवून. तळ्याच्या पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायांशी त्यांच्या छत्तीसगढीत गप्पा मारते, बांधावरचा तरोटा भाजीसाठी खुडते, त्याला इकडे चरोटा म्हणतात यावर त्यांच्याशी दर वेळी तोच वाद घालते. आणि आईच्या त्या बडबडीच्या आडोशानं अनुजा सुनसान तळी काढत आली. निर्मनुष्य पाणी, निर्मनुष्य बांध, लांब कारखान्याच्या धुरकट चिमण्या. मध्ये आई आली की ती म्हणायची, आई, जरा बाजूला, फ्रेममध्ये येतेस. आई पिशवी उचलून सरकायची.

मंडळानं प्रदर्शन ठरवलं तेव्हा अनुजानं सगळी चित्रं भिंतीला टेकवून एकदम पाहिली आणि तिला ती ओसाड वाटली. रविवारी निघताना तिनं आईला म्हटलं, आज तू कडुनिंबाच्या मुळाशी बस, तुला चित्रात घेते. आई दारातून परत आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली ती पोपटी पातळ नेसून, अनुजाच्या पहिल्या पगारातलं, लग्नाकार्याला काढायचं ते. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. तळ्यावर ती मुळाशी ताठ बसली, जरा वेळानं कंटाळून तरोटा खुडू लागली, मग गुणगुणू लागली, आणि धुणेवाल्या बाया तिला चिडवू लागल्या की दाई, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, आज नवरी झाली. सकाळचं ऊन त्या पोपटी रंगावर असं पडलं होतं की सगळं तळं त्यापुढे फिकं दिसत होतं. इथंच अडलं. अनुजाला पोपटी नको होता. तिला त्या पाण्यावर एक सुन्नपणा हवा होता, हिवाळी, राखी, आणि पोपटी पातळातली गुणगुणणारी बाई तो सुन्नपणा टिकू देईना. घरी येऊन तिनं पातळ मळकट पांढरं केलं. चष्मा गाळला, पिशवी गाळली, हातातली भाजी गाळली. पाठीला बाक दिला. चेहरा पाण्याकडे वळवला, म्हणजे तो काढायलाच नको. ब्रश हलका चालला होता, मनासारखा. चित्र एकदम बोलू लागलं आणि तिला खरोखर आनंद झाला. खाली तिनं नाव लिहिलं, एकाकी. संध्याकाळी आई डोकावून गेली, हिरवं कुठं गेलं एवढंच विचारलं, आणि अनुजा म्हणाली की चित्रात तसं करावं लागतं. हाव का, आई म्हणाली. मग तिनं गल्लीत सांगून ठेवलं की हिरवी नोका पाहू, निंबाखालची पांढरी म्हंजे मीच.

त्या रात्री जेवताना अनुजा बोलायचं ठरवून बसली होती. आईनं भात वाढला, तरोट्याची भाजी वाढली, वरून तेलाची धार सोडली. अनुजानं घास हातात धरून म्हटलं, आई, मघाशी मी. आणि आईनं विचारलं, “स्केल म्हंजे काय असते वं?”

अनुजानं सांगितलं. झाड किती मोठं आहे हे कळण्यासाठी एखादा माणूस दाखवतात, असं काहीतरी. सांगताना तिला तो वर्ग आठवला, पुढे केलेले कागद, पेन्सिलीचं टोक.

“मंग कामाचीच आहे न थे,” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. उगाच बसवली नाही आपल्याला, असं. अनुजानं घास तोंडात घातला. माफी मागायची तर आधी गुन्हा सांगावा लागतो, आणि आई तो गुन्हा मानायलाच तयार नव्हती, की मानून वर पांघरूण घालत होती, हे काही कळेना. दोन्हींत अनुजाचीच मान खाली जात होती. भाजी चांगली झालीय, असं ती म्हणाली.

पुढले दिवस ती शाळेत नीट शिकवू शकली नाही. एका पोरीनं डोंगर, नदी, झोपडी काढून नेहमीचा प्रश्न विचारला आणि अनुजाच्या तोंडून निघालं, कोण आहे तो आदमी? पोरगी बघत राहिली. कोई नहीं मॅडम, ऐसेच, ती म्हणाली, आणि अनुजाला तिथल्या तिथे जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. शाळा सुटल्यावर ती तडक मंडळाच्या हॉलवर गेली. चित्राखालचं एकाकीचं कार्ड काढायचं आणि तिथे आई असं लिहिलेलं लावायचं, एवढाच बेत होता, आणि तो करून घरी गेल्यावर सगळं फिटेल असं तिला वाटत होतं. हॉलमध्ये दौलतराव एकटेच खुर्च्या लावून घेत होते. त्यांनी मोठ्या आपुलकीनं स्वागत केलं, हे चित्र मंडळाच्या भिंतीवर कायमचं लावायचं आमच्या मनात आहे म्हणाले, त्या म्हातारीसमोर लोक थांबतात, एक बाई तर डोळे पुसत होत्या. अनुजानं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “सर, ती माझी आई आहे.”

दौलतरावांचा चेहरा आधी खुलला. वा, असं ते म्हणालेही. मग त्यांना काहीतरी आठवलं. “त्या दिवशी मागे उभ्या होत्या, त्या?” त्यांनी विचारलं, आणि अनुजानं हो म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तिरस्कारही नव्हता, फक्त एखाद्याच्या घरी चुकून नको त्या वेळी दार ढकललं जावं आणि आपणच मागे सरावं, तसं ते मागे सरले. मग त्यांनी उन्हाळ्यात पोरांसाठी चित्रकलेचा वर्ग घ्याल का असं विचारलं. कार्डाचं राहून गेलं. बाहेर पडताना अनुजाला वाटलं, आपण हे दौलतरावांना कशाला सांगितलं? त्यांच्याशी आपलं काय देणंघेणं होतं? खरं ज्या माणसासमोर बोलायचं ते सोडून आपण परत पुढच्या खुर्च्यांकडेच तोंड करून बोललो. आणि बोललो तेही शुद्ध बोललो. घरी आल्यावर आईनं विचारलं, उशीर कावून झाला, तर ती म्हणाली, शाळेत काम होतं.

रविवारी ती लवकर उठली. रात्रीच तिनं ठरवलं होतं की आज तळं नाही, आकाश नाही, आज फक्त आई काढायची. समोरून, जवळून, चष्म्यासकट. नाकाच्या उजव्या बाजूचा तीळ, कपाळावरच्या आठ्या, पोपटी पातळाचा काठ, सगळं. कागदभर आई. आईला एवढंच सांगितलं होतं की उद्या तुला काढते. बोलून जमत नाही ते असं जमेल, आपल्याला एवढीच एक भाषा धड येते, असं तिला वाटत होतं, आणि या विचारानं आठवड्यात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. तिनं मोठा कागद बोर्डावर ताणून बसवला. हिरवा नि पिवळा मिसळून तो पोपटी आधीच तयार करून ठेवला. पिशवी भरताना आईनं हाक मारली, चाल, ऊन होऊन राहिलं, आणि ती बोर्ड घेऊन खोलीबाहेर आली.

अनुजा थबकली. आईनं घरात नेसायचं जुनं पांढरं पातळ नेसलं होतं, धुऊन-धुऊन मळखाऊ झालेलं, फरशी पुसताना नेसते ते. केस तसेच होते. चष्मा नव्हता. पोपटी कुठंय, अनुजानं विचारलं, तर आई म्हणाली, थे ठेवून देल्लं, तुले पांढरंच लागते न. चष्मा पिशवीत घेतला म्हणाली, रस्त्यानं लावीन, तिथं काढीन. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि पुढे चालू लागली. अनुजा मागून चालली. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की नको, परत चल, पोपटी नेस, आणि ती नुसती चालत राहिली. वाटेत आई थंडी, रमाकाकूंचा गुडघा, भाजीचा भाव असं बोलत होती. रमाकाकू आज येतो म्हणाल्या होत्या, मीच नाही म्हटलं, असंही तिनं सांगितलं. गर्दी झाली तं तुले सुधरत नाही.

तळ्यावर ऊन कोवळं होतं. पायऱ्यांवर एक बाई एकटीच कपडे आपटत होती, नवी दिसत होती, नेहमीच्यांतली नव्हे. अनुजानं स्टूल मांडलं, पण नेहमीच्या जागी नाही, कडुनिंबाच्या अगदी जवळ. तिनं आईला सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तोवर आई मुळाशी पोचलीसुद्धा होती. तिनं पिशवी दगडामागे नीट लपवली. चप्पल काढून पिशवीमागे सारली. चष्मा काढून पिशवीत ठेवला. बांधावर तरोटा होता, त्याच्याकडे तिनं पाहिलं आणि हात आवरला. मग ती पाण्याकडे तोंड करून बसली, दोन्ही हात मांडीवर रिकामे ठेवून, आणि पाठ हळूहळू वाकवू लागली. चित्रात होती तशी.

“अशीच न?” तिनं तिकडे तोंड ठेवूनच विचारलं. “का आखीन वाकू?”

अनुजाच्या हातात ब्रश होता, ब्रशावर पोपटी रंग होता. ती म्हणाली, “आई, इकडे पाह्य. माह्याकडे पाह्य.”

कितीक वर्षांनी ती घराबाहेर असं, आईच्या बोलीत, बोलली. आईनं मान वळवली नाही.

“इकडं पाह्यलं तं वळखू येईन न मी,” आई म्हणाली, तिला समजावून सांगावं तसं. “तू काढ आपली.”

अनुजा उठून उभी राहिली. पायऱ्यांवरच्या बाईनं कपडे आपटायचं थांबवलं होतं आणि ती या दोघींकडे बघत होती, कागद, रंग, झाडाखाली वाकून बसलेली म्हातारी. तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि अनुजाकडे हनुवटी करून म्हातारीला विचारलं, “ओ दाई, फोटू बनावत हे, तेन कोन ए?”

“मोर बेटी आय,” पाठ तशीच वाकवून, पाण्याकडे बघत आई म्हणाली.